राग, आडनाव आणि जमाव: आक्रमकता व पूर्वग्रहाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामाजिक मानसशास्त्र शिकवताना वर्गात प्रश्न फारसे येत नाहीत. ते तास संपल्यावर येतात, दाराशी, आवाज खाली करून. पालकसभेत चहाच्या कपासोबत येतात. गेल्या काही वर्षांत पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींची संपता संपत नाहीत.

राग आणि आक्रमकता एकच ना?

नाही. राग ही भावना, आक्रमकता हे वागणं. समोरच्याला इजा करण्याच्या हेतूने केलेली आणि त्याला नको असलेली कृती म्हणजे आक्रमकता. दाताचा डॉक्टर दुखवतो, पण तो आक्रमक नसतो. फेकलेला दगड नेम चुकून भिंतीवर आदळला, तरी फेकणारा आक्रमक असतोच. राग न येताही माणूस आक्रमक होऊ शकतो. सुपारी घेणारा गुंड थंड डोक्यानेच काम करतो.

आणि हात उचलला तरच आक्रमकता, असंही नाही. टोमणे, चारचौघांत पाणउतारा, मुद्दाम धरलेला अबोला, एखादीला ग्रुपमधून गुपचूप काढून टाकणं, हे सगळं त्यात येतं. आपल्याकडे तर याचं सामूहिक रूप पिढ्यानपिढ्या चालत आलं: वाळीत टाकणं. कुणी मारत नाही, फक्त पाणी, किराणा, लग्नाचं बोलावणं आणि मयताला खांदा बंद होतो. त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

मूल मारकुटं जन्मतःच असतं की बघून शिकतं?

स्वभावाचा भाग असतोच, काही बाळं पाळण्यातच कडक असतात. पण शिकण्याचा वाटा किती मोठा आहे, हे अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत दाखवलं. ७२ मुलं घेतली. काहींच्या समोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने बडवलं, लाथा घातल्या, वर तोंडाने काहीबाही बोलला. नंतर मुलांना तिथे सोडल्यावर त्यांनी तेच केलं, शब्दांसकट.

‘बाहुला मारण्यासाठीच तर होता’ हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला आणि त्यात तथ्य आहे. मला स्वतःला १९६५ चा पुढचा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात काही मुलांनी मारणाऱ्याला शिक्षा होताना पाहिली. ती मुलं कमी मारत होती. पण ‘त्याने काय केलं ते करून दाखव, बक्षीस देऊ’ म्हटल्यावर त्यांनीही सगळं बिनचूक करून दाखवलं. म्हणजे शिकून झालेलं होतं, फक्त बाहेर आलं नव्हतं. घरात दबून असणारं पोर शाळेच्या मैदानावर वडिलांच्याच शब्दांत शिव्या देतं, तेव्हा शिक्षकांना हा प्रयोग वेगळा सांगावा लागत नाही.

राग बाहेर काढला की मन मोकळं होतं. उशी बडवावी, असं म्हणतात ते खरं?

हा समज इतका पक्का आहे की विद्यार्थी माझ्याशी यावरून भांडतात. तेही राग बाहेर काढणंच म्हणा.

ब्रॅड बुशमन यांनी ६०० विद्यार्थ्यांवरचा प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध केला. आधी प्रत्येकाच्या निबंधावर जहरी शेरे मारून त्यांना डिवचलं. मग काहींना बॉक्सिंगची बॅग बडवायला दिली आणि सांगितलं, शेरे मारणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. काहींना नुसतं दोन मिनिटं गप्प बसवलं. बॅग बडवणारे जास्त संतापलेले निघाले आणि संधी मिळताच त्यांनी सूडही जास्त उगवला. गप्प बसलेले सर्वांत शांत होते. बुशमन आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र तपासले. शरीराची धडधड कमी करणारे उपाय, म्हणजे सावकाश श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं, रागावर लागू पडतात. रागात पळायला गेलात तर तब्येतीला चांगलं, रागाला नाही. आजी ‘दहा आकडे मोज आणि पाणी पी’ म्हणायची, ते या यादीत नीट बसतं.

उन्हाळ्यात, रांगेत, ट्रॅफिकमध्ये माणसं एवढी का भडकतात?

हवं ते मिळता मिळता अडलं की चीड येते. येल विद्यापीठातल्या मंडळींनी १९३९ मध्ये हा धागा पहिल्यांदा नीट मांडला: वैफल्यातून आक्रमकता. त्यांनी तो जरा ताणून मांडला होता, पुढे लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी दुरुस्त केला. वैफल्यातून राग येतो, रागाची मारामारी होईल की नाही हे आजूबाजूला काय आहे त्यावर ठरतं. तिकीट खिडकीपासून दुसऱ्या नंबरवर असताना कुणी मध्ये घुसलं की आपण जेवढे तापतो, तेवढे विसाव्या नंबरवर तापत नाही. हातातोंडाशी आलेलं गेलं, याचा तो राग.

उष्णतेचा परिणामही मोजला गेला आहे. अमेरिकेत फिनिक्स या भाजून काढणाऱ्या शहरात संशोधकांनी हिरव्या सिग्नलला गाडी मुद्दाम थांबवून ठेवली आणि मागचे किती हॉर्न मारतात ते मोजलं. पारा चढला तसे हॉर्न वाढले, विशेषतः काचा खाली असलेल्या, म्हणजे बिगर-एसी गाड्यांमधून.

पूर्वग्रह, ठोकळेबाज प्रतिमा आणि भेदभाव, यात फरक काय?

परीक्षेपुरतं सांगायचं तर: ‘ते लोक असेच’ ही ठोकळेबाज प्रतिमा, तिच्यासोबत येणारी नावड, किळस किंवा भीती म्हणजे पूर्वग्रह, आणि त्यावरून केलेली वेगळी वागणूक म्हणजे भेदभाव.

तिन्ही एकाच मिनिटात पाहायचं असेल तर मसूर स्टेशनवर जावं लागेल. साल १९०१. नऊ-दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला सातारा जिल्ह्यातल्याच गोरेगावला निघाला होता. मुलं मसूरला उतरली, न्यायला कुणी आलं नव्हतं. मुलांचे कपडे नेटके, बोलणं व्यवस्थित. स्टेशनमास्तरला वाटलं ब्राह्मणाची मुलं आहेत, त्याला कळवळा आला. मग त्याने विचारलं, तुम्ही कोण? मुलांनी महार असल्याचं सांगितलं आणि त्याचा चेहराच पालटला. हे सगळं आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवलं आहे. मुलं तीच, कपडे तेच, अडचण तीच. एका शब्दाने मास्तरच्या डोक्यातलं चित्र बदललं, पाठोपाठ भावना बदलली, आणि मग मुलांना बैलगाडी मिळेना.

मी जात मानत नाही. मग मला पूर्वग्रह कसा असेल?

मानत नसालही. पण ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न आपण नेमका कधी विचारतो, ते एकदा आठवून पाहा. समोरच्याने नुसतं ‘संदीप’ सांगितलं की आपल्याला चुकल्यासारखं का होतं?

माझा एक मित्र भाड्याने फ्लॅट शोधत होता, मी सोबत होतो. एजंट मोठा बोलका. हॉल दाखवला, गॅलरी दाखवली, ‘सकाळचं ऊन इथे येतं बघा’ म्हणाला. मग नाव लिहून घेताना आडनावाशी त्याचं पेन थांबलं. वहीतून मान वर न काढता म्हणाला, ‘मालकांशी बोलून कळवतो.’ मित्राने जिना उतरतानाच सांगितलं, कळवणार नाही. त्याचं हे सातवं घर होतं. एजंटला विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, मी जात मानत नाही साहेब, मालक मानतात. आणि मालक म्हणाले असते, मी नाही, सोसायटी.

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी हेच २००७ मध्ये आकड्यांत दाखवलं. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. अर्ज चाळणाऱ्या प्रत्येकाच्या मनात द्वेष होता असं नाही. ‘इथे रुळेल का?’ एवढी किंचित शंका प्रत्येक अर्जावर आली, तरी हा आकडा तयार होतो.

इंटरनेटवर ‘तुमचा छुपा पूर्वग्रह मोजा’ अशी चाचणी मिळते. १९९८ मध्ये ती पुढे आली. गंमत म्हणून द्या. एका माणसाबद्दल त्यातून निदान करू नका, आज आणि पुढच्या आठवड्यात गुण वेगळे येऊ शकतात.

गट पाडायला जात-धर्म लागतोच का?

नाण्याची छापा-काट पुरते. हेन्री ताजफेल पोलंडचे ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून जर्मनांच्या कैदेत गेले. आपण पोलिश ज्यू आहोत हे कळलं असतं तर जीव गेला असता, म्हणून फ्रेंच म्हणून राहिले. सुटून आले तेव्हा घरचे जवळपास सगळे संपले होते. माणसावर कुठला शिक्का आहे यावर जगणं-मरणं ठरतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

पुढे ब्रिस्टलमध्ये त्यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग केला, तो १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावरचे ठिपके मोजायला लावले आणि तुम्ही ‘जास्त मोजणारे’, तुम्ही ‘कमी मोजणारे’ असे गट सांगितले, खरं तर चिठ्ठ्या टाकून. मग पैसे वाटायला दिले. स्वतःला काही घेता येत नव्हतं. कोणाला देतोय तेही कळत नव्हतं, फक्त गट कळत होता. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. खरी मेख पुढे आहे: आपल्या गटाला जास्तीत जास्त पैसे मिळण्यापेक्षा, दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळावेत याकडे त्यांचा कल होता. फरक राहणार असेल तर स्वतःचं थोडं नुकसान त्यांना चालत होतं.

मी वर्गात दरवर्षी ‘झेंडू’ आणि ‘शेवंती’ अशा चिठ्ठ्या वाटून, मग बिस्किटं वाटायला देतो. सांगितलेलं असतं की सगळ्यांना समान द्या. एका वर्षी एका मुलाने झेंडूंना तीन-तीन आणि शेवंतींना दोन-दोन दिली. कारण विचारलं तर म्हणाला, ‘सर, शेवंतीवाले मघाशी आमच्याकडे बघून हसत होते.’ गट पडून चार मिनिटं झाली होती.

दोन गटांत वैर तयार होतं कसं आणि मिटतं कसं?

मुझफ्फर शेरीफ यांचा ओक्लाहोमातला १९५४ चा प्रयोग या विषयाचं हक्काचं उदाहरण आहे. ११-१२ वर्षांची २२ मुलं, उन्हाळी शिबिर, दोन गट: गरुड आणि खुळखुळ्या सापांची टोळी. आठवडाभर एकमेकांची गाठ पडू दिली नाही. मग सामने लावले, बक्षीस एकालाच. काही दिवसांत झेंडे जाळले गेले, खोल्यांवर धाडी पडल्या. नंतर सिनेमाला एकत्र बसवलं, जेवायला एकत्र बसवलं. जेवणाच्या टेबलावर अन्न फेकाफेक झाली.

वैर ओसरलं ते एकट्या गटाला न जमणारी कामं समोर आल्यावर. पाण्याच्या टाकीची वाहिनी बंद पडली, सगळ्यांनी मिळून शोधली. खाणं आणणारा ट्रक अडकला, मुलांनी तो दोराने ओढला. दोर रस्सीखेचीचाच होता! परतताना सगळी एकाच बसमध्ये होती आणि एका गटाने आपल्या बक्षिसाच्या पाच डॉलरमधून सगळ्यांना खाऊ-पिऊ घातलं.

पाठ्यपुस्तकं सहसा सांगत नाहीत ते असं: १९५३ मध्येही शेरीफ यांनी असंच शिबिर घेतलं होतं आणि ते फसलं. तिथे मुलांची आधी मैत्री होऊ दिली, मग गट पाडले. मोठ्यांनी कितीही काड्या घातल्या तरी मुलं भांडेनात. शेरीफ यांना ते अपयश वाटलं. मला उलट तोच जास्त कामाचा निकाल वाटतो.

म्हणजे सगळ्यांना एकत्र ठेवलं की पूर्वग्रह जातो?

नुसतं एकत्र ठेवून नाही. एका गावात गावठाण आणि वस्ती शेकडो वर्षं एकत्रच आहेत. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच अटी सांगितल्या: त्या ठिकाणापुरता दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, कामात एकमेकांची गरज हवी आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा. २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र केले. संपर्काने पूर्वग्रह बहुतेकदा कमी होतो, अटी पाळल्या तर जास्त.

आपल्या जवळचा पुरावा क्रिकेटचा आहे. मॅट लो या अर्थतज्ज्ञाने वाराणसी जिल्ह्यात तरुणांच्या लीग भरवल्या, अभ्यासात बाराशेहून अधिक तरुण, त्यातले आठशे खेळाडू. काहींना मिश्र जातींच्या संघात टाकलं, काहींना एकाच जातीच्या. जे दुसऱ्या जातीच्या पोरांसोबत एका संघात खेळले, त्यांच्या जातीबाहेरच्या मैत्री वाढल्या. जे त्यांच्याविरुद्ध खेळले, त्यांचा परिणाम उलटा झाला. म्हणून ‘सर्व समाजांच्या संघांचे सामने’ भरवणाऱ्या हौशी मंडळांना मी सांगतो, संघच मिसळा. समाजावार संघ करून चषक ठेवलात, तर शेरीफच्या शिबिराचा पहिलाच भाग पुन्हा होतो.

आणि भिवंडी. हे यंत्रमागांचं गाव १९७० आणि १९८४ मध्ये दंगलीत होरपळलं. १९८८ मध्ये तिथे आलेले पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, हिंदू आणि मुसलमान शेजारी एका बैठकीत, सोबत पोलिस. विषय मोठे नव्हते, गल्लीतली किरकोळ भांडणंच जास्त. पण त्यातून अफवा आली की कुणाला विचारायचं, हे ठाऊक झालं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईत ९०० माणसं मेली, असं श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं. भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी देशातल्या सहा शहरांच्या तीन जोड्या लावून हेच पाहिलं: दंगल थोपवते ती दोन्हीकडची माणसं एकत्र असलेली रोजची संघटना. सणाला दिलेला शिरखुर्मा आणि फराळ गोड असतो, पण पेटल्यावर तेवढ्याने भागत नाही.

चांगली माणसं जमावात असं काय करून बसतात?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. ‘पोरं पळवणारी टोळी’ म्हणून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि ठार मारलं.

‘जमावाला अक्कल नसते’ म्हणून हे मिटवता येत नाही. जमाव अंदाधुंद नव्हता, त्याने निवड केली होती. बाजारात अनोळखी माणसं इतरही असतीलच. मग हेच पाच का? कारण भटक्या माणसाबद्दलचं चित्र आधीपासून तयार होतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ मध्ये गेला, पण पाल ठोकून राहणारा, झोळी घेऊन फिरणारा कोणीही असो, त्याच्याकडे बघण्याची नजर गेली नाही.

त्यावर अफवा आली. त्या काळात देशभर फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची जाहिरात होती, मुलाला परत आणून सोडण्याचा शेवट कापून टाकलेली. आधी भीती असते, मग तिला शोभेल असं कारण शोधलं जातं. हे नवं नाही. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. हादरा बसला पण नुकसान झालं नाही अशा भागातही लोक आणखी मोठ्या प्रलयाची भाकितं करत होते. पुढे लिऑन फेस्टिंगर यांनी त्याचा अर्थ लावला: पोटात भीती बसलेली आणि आजूबाजूला कारण दिसत नाही, मग माणूस कारण तयार करतो.

तिसरी गोष्ट जबाबदारीची. शंभर जणांतला प्रत्येक जण ‘मी एकच फटका मारला’ म्हणतो. आणि बाकीचे जे करतायत तेच बरोबर असणार, असं त्या क्षणी खरोखर वाटतं.

मिलग्रॅम आणि झिम्बार्डो यांचे प्रयोग अजून खरे मानतात का?

मिलग्रॅम बऱ्याच अंशी. हुकूम मिळाला की साधा माणूस दुसऱ्याला विजेचे झटके देईल का, हे त्यांनी पाहिलं. मूळ प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. विजेचा झटका खोटा होता, त्यांचा घाम खरा. मात्र आज त्याचा अर्थ ‘माणूस हुकमाचा ताबेदार’ एवढाच लावत नाहीत. विज्ञानासाठी चांगलं काम करतोय, अशी अनेकांची समजूत होती. झिम्बार्डो यांचा १९७१ चा स्टॅनफर्ड तुरुंगाचा प्रयोग, ज्यात विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवलं होतं, तो मात्र मी आता ‘हे असं करू नये’ या तासाला शिकवतो. पहारेकऱ्यांना कडक वागायला संशोधकांनीच शिकवलं होतं, हे उघड झालं आहे.

ज्याच्याबद्दल पूर्वग्रह असतो, त्याच्यावर काय परिणाम होतो?

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात उघड केली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांनी जवळपास सारखेच सोडवले. मग सगळ्यांसमोर नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. दलित मुलांचे सुटलेले चक्रव्यूह लक्षणीय घटले. बाकी काही बदललं नव्हतं. वर्गात शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटताना ‘एससीवाले हात वर करा’ म्हणणाऱ्या शिक्षकांनी हा निकाल वाचावा, शक्यतो परीक्षेच्या आदल्या दिवशी.

भांडण पेटलेलं दिसलं तर लोक नुसते बघतात ना?

तितकं नाही. अॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊनच्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांतली भांडणं तपासली, तर दहापैकी नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलं होतं. तरी मदत हवी असेल तर ‘कोणीतरी या’ असं ओरडू नका. ‘ओ निळा शर्ट, याला धरा’ असं म्हणा.

फॅमिली ग्रुपवर काका रोज विखारी मेसेज टाकतात. काय करू?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सगळ्यांसमोर फॅक्ट-चेक टाकलंत की काका बातमी सोडून स्वतःची इज्जत वाचवायला लागतात. गप्प बसलात तर बाकीच्यांना वाटतं, सगळ्यांना पटलेलं दिसतंय. त्यामुळे ग्रुपवर एकच ओळ, ‘काका, हे मला पटलं नाही’, आणि पुढचं फोनवर किंवा घरी जाऊन. बोलणारा आपल्यातला असला तर त्याचं ऐकलं जातं, बाहेरच्याने सांगितलं की चीड येते. मायामीत दारोदार जाऊन केलेल्या एका प्रयोगात दहा मिनिटांच्या गप्पांनी पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकला होता. त्या गप्पांत उपदेश नव्हता. ‘तुम्हाला कधी कुणी असं वेगळं काढलं होतं का?’ असं विचारून ऐकून घेतलं होतं.

माझ्या काकांवर मी हे करून पाहिलं. परप्रांतीयांवरचा एक मेसेज होता. रविवारी गेलो, चहा झाला आणि विचारलं, तुम्ही कोकणातून मुंबईत आलात तेव्हा पहिली खोली कशी मिळाली? अर्धा तास बोलले. एका चाळीत ‘मासे खाणारे नकोत’ म्हणून परत पाठवलं होतं, मग आठ महिने खानावळीच्या माळ्यावर काढले, पावसाळ्यात ट्रंक विटांवर ठेवायची. मेसेजचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. त्यानंतर तसले मेसेज थांबले नाहीत, पण कमी झाले. सुप्रभातवाले मात्र रोज पावणेसहाला येतात, फुलांसकट.